दूरसागरी शिडनौका
किनाऱ्यावरच्या बंदराचा आसरा न घेता आठवडेच्या आठवडे वाऱ्यावर चालणारी, आत राहण्याची सोय असलेली नौका. एक-दोन माणसांसाठी ती बहुधा ३० ते ४० फुटांची असते. नवी परवडत नाही म्हणून बहुतेक दर्यावर्दी जुनी घेतात.

दोघांपैकी एक झोपला की नौका एकट्याच्या हाती येते. म्हणून वेगापेक्षा तिचे दिशा धरून राहणे मोलाचे. लांब कील (नौकेच्या तळाखालचा जड पाखा) आणि तिलाच जोडलेले सुकाणू असलेल्या जुन्या घडणीच्या नौका इथे सरस ठरतात. वळायला जड, पण लाटांत सरळ चालणाऱ्या. वाऱ्यावर सुकाणू सांभाळणाऱ्या विंडव्हेनला वीज लागत नाही. मुंबईत सागवानात बांधलेली ३२ फुटी ‘सुहेली’ ब्रिटिश दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता जगाभोवती नेली. वाटेत तिचे स्वयंचलित सुकाणू निकामी झाले, तरी शिडांचा तोल साधून त्यांनी तिला मार्गावर ठेवले. भारतीय नौदलाचे निवृत्त अधिकारी अभिलाष टॉमी २०२२-२३ च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने, न थांबता जगप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत रस्टलर ३६ बनावटीच्या नौकेतून दुसरे आले. त्या शर्यतीत १९८८ पूर्वीच्या आराखड्याच्या, लांब कीलच्या नौकाच चालतात.

जुन्या नौकेत फायबरग्लासचे कवच सहसा दगा देत नाही. दगा देतात त्या डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा, त्या तारा डेकपाशी जिथे जखडलेल्या असतात त्या धातूच्या पट्ट्या आणि पाण्याखालचे व्हॉल्व्ह. डेकवर हातोडी हलकेच वाजवावी; बद्द आवाज आला तर फायबरग्लासच्या दोन थरांमधले लाकूड कुजले असण्याची शक्यता असते.

नवी मुंबईत अशी नौका ठेवणे अवघड. ठाणे खाडी उथळ आहे, ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि वाशीच्या पुलांखालून उंच डोलकाठी जात नाही. दिवाळे, सारसोळेच्या कोळ्यांच्या होड्या चिखलात निवांत बसतात; दीड मीटर खोल कीलची नौका तिथे कलंडते. त्यामुळे नेरूळ-बेलापूरकडेही ये-जा भरती बघूनच.

पावसाळ्यात नौका पाण्याबाहेर काढून ठेवतात. हिवाळ्यात गोव्याकडे जाताना दुपारचा वायव्येचा वारा साथ देतो. परतीला तोच आडवा येतो. तेव्हा पहाटेच्या मतलईवर (जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यावर) किनाऱ्यालगत उत्तरेला सरकावे. मात्र तिथेच मासेमारीची जाळी असतात, म्हणून एकाने झोपायचे ते नौका किनारा सोडून बाहेर गेल्यावरच.