गणिताचे प्राध्यापक वेगळे, गणित शिक्षणाचे वेगळे

दारव्हा, कारंजाकडे पोरगी गणितात प्राध्यापक झाली म्हटलं की लोक विचारतात, "कोनत्या कॉलेजात लागली?" गणिताची की गणित शिक्षणाची, हे कुणी विचारत नाही. पण दोन्ही कामं निराळी आहेत.

पहिली, म्हणजे गणिताच्या प्राध्यापकाची वाट सगळ्यांना पाठ आहे: एम.एस्सी., नेट-सेट (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा) किंवा पीएच.डी., आणि जागा निघेपर्यंत तासिका तत्त्वावर. संशोधन करायचं ते गणितातच.

गणित शिक्षणवाल्याचं संशोधन गणित शिकणाऱ्यावर. समजा, धारणीकडच्या जिल्हा परिषद शाळेत तिसरीतल्या पोराने ५२ मधून २७ वजा करून ३५ लिहिलं. गणितवाला म्हणेल, चूक. हातचा घेतलाच नाही. गणित शिक्षणवाल्याचं काम इथून सुरू होतं. पोराने सातातून दोन काढले, कारण मोठ्यातून लहान काढायचं हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय. नियम येतो, जागा चुकली. मग आणखी किती मुलं असंच करतात? काड्यांचा गठ्ठा सोडून दाखवला तर फरक पडतो का? घरी कोरकू बोलणाऱ्याला 'बावन्न' ऐकून पाच दशक आणि दोन कळतात का? २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'सत्तावीस'साठी 'वीस सात' अशी वाचनाची पद्धत आणली, तेव्हा राज्यभर खिल्ली उडाली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर स्वतः गणितज्ञ होत्या, पण त्यांनी हात घातलेला प्रश्न गणित शिक्षणाचा होता. पद्धत पटो न पटो, प्रश्न खरा होता.

पात्रतेत पोरं इथेच फसतात. एम.एस्सी., बी.एड. झालं की शाळेत लागता येतं. बी.एड. कॉलेजात गणिताची अध्यापन पद्धती शिकवायची तर एम.एस्सी.सोबत एम.एड. लागतं, दोन्हींत किमान ५५ टक्के. नेटही वेगळी: गणिताची सीएसआयआरची (वैज्ञानिक संशोधन परिषद), शिक्षणशास्त्राची यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोग). आणि खरं सांगायचं तर तिथं लागल्यावर वर्ष सराव पाठ बघण्यात आणि टाचणांवर सह्या करण्यातच जातं.

संशोधनच करायचं असेल तर मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र बघा. १९७४ साली सुरू झालेलं हे केंद्र टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग आहे. तिथली पीएच.डी. विज्ञान शिक्षणातली म्हणवली जाते, पण गणित शिक्षण तिच्यातच येतं, विद्यावेतनही मिळतं. मेळघाट, गडचिरोलीतल्या वर्गांत बसलेल्या माणसाकडे अभ्यासाला विषयांची वानवा नसते.