स्तनाचा कॅन्सर डोळ्यात उतरतो तेव्हा : उपचारांची पार्श्वभूमी

डोळ्यात पसरलेल्या कॅन्सरचे पहिले वर्णन जर्मन डॉक्टर पेर्ल्स यांनी १८७२ साली केले. त्यानंतर दहा वर्षांनी ऑस्ट्रियन नेत्रतज्ज्ञ अर्न्स्ट फुक्स यांनी डोळ्यातल्या गाठींचा अभ्यास करताना एक मुद्दा मांडला : कॅन्सर वाटेल तिथे रुजत नाही, काही अवयव त्याला जास्त मानवतात. इंग्लिश सर्जन स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये फुक्स यांचा हाच धागा उचलला. स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी त्यांनी तपासल्या, तेव्हा यकृतात गाठी २४१ जणींना आढळल्या आणि प्लीहेत फक्त १७ जणींना. रक्त दोन्हीकडे जाते, मग एवढी तफावत का? बी सगळीकडे पडते, पण जमीन मानवेल तिथेच उगवते, हे त्यांचे उत्तर. कॅन्सरशास्त्रातला हा पायाभूत विचार डोळ्याच्या अभ्यासातून आला, हे फारसे सांगितले जात नाही.

डोळ्यातली ही जमीन म्हणजे कोरॉइड, डोळ्याच्या पडद्यामागचा (रेटिनामागचा) रक्तवाहिन्यांचा दाट थर. डोळ्यात येणारे बहुतेक रक्त याच थरातून वाहते, म्हणून पेशीही इथेच अडकतात. बाहुली मोठी करून पाहिले की पडद्याखाली मलईच्या रंगाची, पालथ्या बशीसारखी पसरट गाठ दिसते. गाठीभोवती पाणी साचून पडदा उचलला जातो आणि सरळ रेषा वाकड्या दिसू लागतात. दुखत सहसा नाही, त्यामुळे ‘नंबर वाढला असेल’ म्हणून महिने जातात.

फिलाडेल्फियाच्या विल्स आय हॉस्पिटलने १९९७ मध्ये डोळ्यात कॅन्सर पसरलेल्या ४२० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांपैकी ४७ टक्के रुग्णांचा मूळ कॅन्सर स्तनाचा होता, २१ टक्क्यांचा फुप्फुसाचा. स्तनाच्या रुग्णाला आपला आजार बहुधा आधीच माहीत असतो. घोटाळा होतो तो आठ-दहा वर्षांपूर्वीचे ऑपरेशन डोळ्याच्या डॉक्टरांना सांगायचे राहून जाते तेव्हा. जुनी फाईल तिथे न्यायलाच हवी.

पूर्वी ही गाठ आणि डोळ्यातच सुरू होणारा मेलॅनोमा (रंगपेशींचा कॅन्सर) यांच्यात गल्लत होई आणि डोळा काढला जाई. डोळ्याच्या सोनोग्राफीमुळे हा फरक ओळखणे सोपे झाले. आता दृष्टी गेलेला आणि असह्य दुखणारा डोळाच काढतात.

उपचारांत मुख्य आधार राहिला रेडिएशनचा, म्हणजे आपल्याकडे म्हणतात तो शेक. प्रचलित डोस साधारण ४० ग्रे (ग्रे हे किरणांचा डोस मोजण्याचे एकक) : रोज २ ग्रे, आठवड्याचे पाच दिवस, चार आठवडे. डोके हलू नये म्हणून चेहऱ्यावर जाळीदार मास्क बसवतात. किरण बाजूने सोडून किंचित मागे कलता ठेवतात, नाहीतर भिंग सापडते आणि पुढे मोतीबिंदू होतो. पडदा किती दिवस उचललेला होता त्यावर नजर किती परत येईल हे ठरते, म्हणून गाठ दृष्टिबिंदूजवळ (पडद्याच्या मध्यभागी, जिथे नजर सर्वांत तीक्ष्ण असते) असेल तर थांबू नये. गाठ एकच आणि लहान असेल तर रुथेनियम-१०६ या किरणोत्सर्गी धातूची चकती काही काळ डोळ्याच्या बाहेरच्या भिंतीला टाके घालून बसवता येते. अशा चकत्या आता मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही तयार होतात.

दुसरा बदल औषधांनी घडवला. अमेरिकेत टॅमॉक्सिफेन या हार्मोनविरोधी गोळीला १९७७ मध्ये आणि हर-२ प्रथिनावर नेम धरणाऱ्या ट्रास्टुझुमॅबला १९९८ मध्ये मान्यता मिळाली. कोरॉइडच्या केशवाहिन्या सच्छिद्र असल्याने रक्तातले औषध तिथवर पोचते. म्हणून नजरेला लगेच धोका नसेल तर ईआर, पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का ते सांगणाऱ्या चाचण्या) आणि हर-२ रिपोर्टनुसार औषध सुरू करून दर चार-सहा आठवड्यांनी गाठ मोजतात. तपासणी दोन्ही डोळ्यांची हवी, आणि मेंदूचा एमआरआयही. उलटही लक्षात ठेवावे : टॅमॉक्सिफेनने पडद्यावर बारीक चकाकणारे कण साचू शकतात, पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाने पडद्याच्या मध्यभागी सूज येऊ शकते. तो कॅन्सरचा फैलाव नसतो.

डोळ्याच्या खोबणीतला फैलाव मात्र वेगळाच वागतो. खोबणीतली गाठ डोळा पुढे ढकलते, ही सगळ्यांची समजूत. पण स्तनाच्या काही कॅन्सरमध्ये गाठीचे तंतू आकसतात आणि डोळा आत ओढला जातो. एक डोळा खोल गेलेला, पापणी किंचित पडलेली, आणि घरचे म्हणतात वय झाले. अशा वेळी खोबणीचा स्कॅन आणि गरज पडली तर बायोप्सी करतात, आणि त्या तुकड्यावर ईआर, पीआर, हर-२ पुन्हा तपासून घेतात, कारण मूळ गाठीचा रिपोर्ट नव्या गाठीला लागू असेलच असे नाही.