भंगारातल्या ‘ईसीएम’ची पूर्वपीठिका

विदर्भातल्या तालुक्याच्या गावी गाडी भंगारात निघाली की इंजिन आणि गिअरबॉक्सला आधी गिऱ्हाईक मिळते. इंजिनावर ताबा ठेवणारा संगणक, ज्याला मिस्त्री ‘ईसीएम’ म्हणतात, तो मात्र तारांच्या गुच्छासकट किलोच्या भावाने जातो. शेतीला वीज रात्री-अपरात्री मिळत असताना ओलितासाठी वा जनरेटरसाठी जुने इंजिन जुंपायचे असेल, तर नेमका हाच डबा मोलाचा ठरतो.

बॉश या जर्मन कंपनीची इंजिनात इंधन फवारणारी १९६७ सालची डी-जेट्रॉनिक यंत्रणा ट्रान्झिस्टरवर चालत होती. तिच्यात बदलण्याजोगा प्रोग्रामच नव्हता. १९७९ मध्ये बीएमडब्ल्यू ७३२आय या गाडीत बॉशचीच मोट्रॉनिक ही संगणकी यंत्रणा आली आणि किती इंधन सोडायचे, ठिणगी केव्हा पाडायची, हे इंजिनाचे फेरे व त्यावरचा भार यांच्या तक्त्यातले आकडे ठरवू लागले. हे आकडे बऱ्याच ईसीएममध्ये काचेची खिडकी असलेल्या ईप्रॉम चिपमध्ये असत. अतिनील प्रकाशाने ती पुसून नवे आकडे भरता येत, आणि ईसीएम नव्याने शिकवण्याची वाट इथेच उघडली. पुढे फ्लॅश मेमरी आल्यावर डबा न उघडताही हे काम होऊ लागले.

आपल्याकडे कार्बोरेटरचे जेट बदलून कानाने इंजिन लावणारे मिस्त्री होते, आणि त्यांची विद्या खरोखर मोठी होती. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९९ च्या आदेशाने दिल्ली परिसरात प्रदूषणाचे निकष कडक झाले, मारुती ८०० सारख्या गाड्यांत कार्बोरेटरऐवजी ईसीएमच्या ताब्यातली इंधन फवारणी, म्हणजे एमपीएफआय, आली, आणि १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ हे प्रदूषणाचे निकष देशभर लागू झाले. त्या गाड्या जुन्या बाजारातून खेड्यात आणि तिथून भंगारात पोचायला बरीच वर्षे गेली. म्हणून हा विषय इकडे उशिरा आला.

पहिली अडचण इमोबिलायझरची असते, कारण किल्लीचा संकेत जुळल्याशिवाय अशा गाडीचे इंजिन चालत नाही. ही अट काढण्याची युक्ती चोरालाही उपयोगी पडते, म्हणून भंगाराची पावती जपून ठेवावी. रस्त्यावरच्या गाडीत मनाजोगते फेरफार करण्यास मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ने मर्यादा घातल्या आहेत. एका जागी बसवलेल्या इंजिनाची गोष्ट वेगळी.

तिथे खरा प्रश्न उन्हाचा आहे. पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि उभ्या इंजिनाच्या रेडिएटरला धावत्या गाडीसारखा वारा मिळत नाही, त्यामुळे ठोका (इंधन अवेळी पेटून होणारी खडखड) टाळण्यासाठी तक्त्यातली ठिणगी थोडी उशिरा पाडावी लागते. चार ध्रुवांच्या जनरेटरला ५० हर्ट्झसाठी मिनिटाला १,५०० फेरे लागतात. ते भार बदलला तरी स्थिर राहावेत, यासाठी केबलने उघडणाऱ्या थ्रॉटलला (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या झडपेला) फेरे सांभाळणारा वेगळा गव्हर्नर जोडावा लागतो, तर इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असल्यास तेच काम ईसीएमकडे सोपवता येते.