नोकरी परक्याला, दुकान घरच्याला: आखातातल्या धंद्याची पार्श्वभूमी

दुबईत स्वतःचं दुकान टाकायचं म्हटलं की मराठवाड्यातल्या पोराला जुनी माणसं पहिला प्रश्न विचारतात, "कफील कोण?" (कफील म्हणजे ज्याच्या नावावर परक्याचा धंदा चालतो तो स्थानिक माणूस.) हा प्रश्न कुठून आला ते पाहण्याआधी जरा घराकडे वळू.

१९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. तिथे मुलकी-गैरमुलकी, म्हणजे इथला की बाहेरचा, हा वाद पेटायचा तो सरकारी नोकरीवरून. बाहेरच्याने पेढी घातली, सावकारी केली, तर फारसं कोणी अडवत नसे. मारवाडी आले, रोहिले आले. येमेनच्या हद्रमौतमधून निजामाच्या फौजेत अरब आले; पगार फौजेचा आणि वर व्याजबट्टा. त्यांचे वंशज, म्हणजे चाऊस मंडळी, परभणी, नांदेड, औरंगाबादेत आजही आहेत. यातल्याच अल-कुऐती घराण्याच्या जमादारांनी, म्हणजे फौजेतल्या सरदारांनी, हैदराबादेत कमावलेल्या पैशावर हद्रमौतमध्ये मुकल्ला-शिहरची सल्तनत उभी केली. ती १९६७ पर्यंत टिकली. परमुलखात जाऊन इतकं कमावलेली माणसं थोडीच!

आखातात गणित नेमकं उलटं बसलं. १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले, बांधकामं निघाली. हात हवे होते, म्हणून नोकरी परक्याला खुली. दुकान मात्र घरच्याच्या नावावर. संयुक्त अरब अमिरातीच्या १९८४ च्या कंपनी कायद्याने ५१ टक्के भाग स्थानिकाचा असणं बंधनकारक केलं. सेवा व्यवसायांना भागीदाराऐवजी स्थानिक एजंट चालायचा, पण कागदावर एक अमिराती नाव लागायचंच.

प्रत्यक्षात काय व्हायचं? भांडवल, माल, उधारी, गिऱ्हाईक सगळं आपल्या माणसाचं. कफील वर्षाला ठरलेली रक्कम घ्यायचा, लायसन्सच्या नूतनीकरणाला सही करायचा आणि एरवी दुकानात फिरकायचाही नाही. नफा-तोट्याशी त्याचा संबंध नाही, असा वेगळा करार दोघांत व्हायचा. संबंध चांगले तोवर हे छान चाले. बिघडले, किंवा कफील वारला आणि वारस दारात आले, की तो करार कोर्टात टिकेलच याची खात्री नसे. २००४ मध्ये तर अशा आडून चालवलेल्या धंद्याविरुद्ध वेगळा कायदाच आला. म्हणजे ज्या कागदावर दुकानदार निर्धास्त झोपायचा, तोच त्याच्या गळ्याशी येऊ शकत होता.

पळवाट सरकारनेच काढली होती. १९८५ मध्ये दुबईच्या जबल अली बंदराला लागून मुक्त क्षेत्र सुरू झालं. तिथे शंभर टक्के मालकी परक्याची. अट एवढीच, की शहरातल्या बाजारात थेट माल विकायचा नाही. आयात-निर्यात करणाऱ्याला ते सोयीचं होतं. किराणा किंवा मोबाइलचं दुकान टाकणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

१ जून २०२१ पासून मुक्त क्षेत्राबाहेरही बहुतेक धंद्यांत ५१ टक्क्यांची अट गेली. मोजकी, राष्ट्रहिताची मानलेली क्षेत्रं तेवढी राखीव राहिली.

आपल्याकडची बाजूही हळूहळूच सैल झाली. परकीय चलनावरच्या १९७३ च्या फेरा कायद्यात डॉलर बाहेर नेणं जवळपास गुन्ह्यासारखं होतं. २००० मध्ये त्याच्या जागी फेमा हा सैल कायदा लागू झाला. २००४ पासून व्यक्तीला वर्षाला २५,००० डॉलर पाठवता येऊ लागले. आता ही मर्यादा २,५०,००० डॉलर आहे. २०२२ च्या नियमांनुसार त्यातून परदेशी कंपनीत भागही घेता येतो, पण रक्कम बँकेमार्फतच गेली पाहिजे. हवालाने पाठवलेल्या पैशावर दुबईत दुकान उभं राहील, पण इकडे ते कधीच कायदेशीर ठरणार नाही.