लुंगशान मंदिर, तैपेई

तैवानच्या राजधानीतील वानह्वा या जुन्या वस्तीत १७३८ साली उभे राहिलेले मंदिर. चीनच्या फुच्येन प्रांतातून समुद्र ओलांडून आलेल्या लोकांनी आपल्या मुलखातील त्याच नावाच्या मंदिराची शाखा म्हणून ते बांधले. मुख्य देवता क्वानयिन. भारतातून गेलेला बौद्धांचा अवलोकितेश्वर चीनमध्ये करुणामयी देवी झाला, तीच ही. मागच्या दालनात समुद्रदेवी मात्सू, वीर क्वान यू, विद्येचा देव वनछांग अशी चीनच्या ताओ पंथातील आणि लोकधर्मातील दैवते आहेत. भक्त ओळीने सगळ्यांना नमस्कार करतो. हा देव बौद्धांचा, तो ताओंचा, असा भेद त्याच्या मनात नसतो.

मंदिराकडे तोंड केल्यावर उजवीकडचे ते ड्रॅगनचे दार, तिथून आत जायचे. डावीकडच्या वाघाच्या दाराने बाहेर पडायचे. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही. आपल्याला ही रीत घरचीच वाटते.

या मंदिराचा प्राण कौलात आहे. कोकणात देवाला कळे लावून कौल मागतात. इथे चंद्रकोरीच्या आकाराचे, तळहातात मावणारे दोन लाल ठोकळे असतात, एका अंगाने सपाट, दुसऱ्या अंगाने फुगीर. मनात आपले नाव, जन्मतारीख, पत्ता आणि प्रश्न सांगायचा, मग ठोकळे जमिनीवर टाकायचे. एक सपाट आणि एक फुगीर बाजू वर आली, तर देवाचा होकार. दोन्ही सपाट वर आल्या, तर देव हसला, प्रश्न नीट विचार. दोन्ही फुगीर, तर नकार. भविष्य पाहण्यासाठी क्रमांक लिहिलेली एक काडी उचलायची, पण ती आपलीच का, हे पुन्हा ठोकळ्यांनीच विचारायचे. मग त्या क्रमांकाची, कवितेत भविष्य लिहिलेली चिठ्ठी घ्यायची. लग्न जुळावे म्हणून तरुण मुले-मुली य्वे लाओ या लग्न जुळवणाऱ्या देवापुढे असाच कौल मागून लाल दोरा नेतात. फरशीवर पडणाऱ्या ठोकळ्यांचा हा खट्ट आवाज क्षणभर थांबून ऐकावा. मंदिर पाहणे खरे तिथे सुरू होते.

१९४५ मध्ये अमेरिकी बॉम्बहल्ल्यात मधले दालन जळाले, पण क्वानयिनची मूर्ती वाचली. एरवी हल्ल्याच्या वेळी लोक मंदिरात आसरा घेत. त्या रात्री डासांनी हैराण होऊन ते घरी परतले आणि वाचले, असे सांगतात. दालन पुढे नव्याने बांधले.

हवेच्या प्रदूषणामुळे उदबत्त्या टप्प्याटप्प्याने कमी करत २०२० मध्ये पूर्ण बंद झाल्या. आता लोक फुले, फळे, बिस्किटांचे पुडे देवापुढे ठेवून नुसते हात जोडतात आणि जाताना खाऊ घरी नेतात.