वरळीचा मनोरा आणि दिल्लीची वेळ : मुंबई दूरदर्शनची पार्श्वभूमी

अमेरिकेत गावोगावच्या टीव्ही केंद्रांचे मालक बहुतेक खासगी असतात. मोठ्या नेटवर्कशी करार करून ती केंद्रे ठरावीक वेळेला त्यांचे कार्यक्रम दाखवतात आणि उरलेल्या वेळात आपल्या गावच्या बातम्या, हवामान आणि जाहिराती लावतात. आपल्याकडे असा करार कधी नव्हताच. केंद्रही सरकारचे आणि नेटवर्कही सरकारचे. तरीही संध्याकाळची वेळ कोणाची, दिल्लीची की मुंबईची, हा प्रश्न इथेही आलाच. मुंबई दूरदर्शनचा इतिहास या प्रश्नाच्या अंगाने पाहिला तर जास्त नीट कळतो.

दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले, तेही आकाशवाणीचा एक भाग म्हणून. त्यानंतर दुसरे केंद्र निघायला तेरा वर्षे गेली. ते मुंबईचे, २ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळीला सुरू झालेले. श्रीनगर आणि अमृतसर १९७३ मध्ये आले, तर कलकत्ता, मद्रास आणि लखनौ १९७५ मध्ये. उपग्रहाने जोडलेले जाळे तेव्हा नव्हते, म्हणून प्रत्येक केंद्राला आपली संध्याकाळ आपणच भरावी लागे. मुंबईने ती मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजीत भरली.

आज मागे वळून पाहताना ही अडचण वरदान ठरली असे वाटते. विनोदाला ‘गजरा’, शेतकऱ्यांसाठी ‘आमची माती, आमची माणसं’, शिवाय लोकशिक्षणाचा ‘ज्ञानदीप’, आणि आठवड्याचे कार्यक्रम सांगणारी ‘साप्ताहिकी’. हे सगळे मुंबईतच ठरायचे आणि मुंबईतच बनायचे. रंगभूमी हाकेच्या अंतरावर असल्याने नट, लेखक, निवेदक शोधायला लांब जावे लागत नसे. स्मिता पाटील मराठी बातम्या वाचत असत, ही गोष्ट चित्रपटांमुळे अनेकांना नंतर कळली. ज्याच्या घरी संच असेल त्याच्याकडे हिंदी चित्रपटगीतांच्या ‘छायागीता’ला आणि शनिवार-रविवारच्या चित्रपटाला अख्खी चाळ जमायची. मध्येच पडद्यावर ‘व्यत्यय’ अशी पाटी आली, की अँटेना फिरवायला गच्चीवर कोण जाणार यावरून वाद! त्या काळातले बरेचसे मात्र आज पाहायला मिळत नाही. टेप महाग होत्या, एक पुसून तिच्यावरच दुसरे ध्वनिचित्रमुद्रण व्हायचे.

पण ‘मुंबई दूरदर्शन’ पाहणारा महाराष्ट्र फार छोटा होता. वरळीचा मनोरा सुमारे ३०० मीटर उंच, तरी सह्याद्री आडवा येतोच. पुण्यासाठी सिंहगडावर प्रक्षेपक बसवून मुंबईचेच कार्यक्रम तिथून पुन्हा सोडले जाऊ लागले. मराठवाडा, विदर्भ आणि खानदेश या चित्रात नव्हतेच.

पुढे दोन बदल झाले. जानेवारी १९७६ पासून जाहिराती आल्या आणि त्याच वर्षी १ एप्रिलला दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले. खरा धक्का १९८२ चा. १५ ऑगस्टला दिल्लीहून सगळ्या केंद्रांवर एकाच वेळी दिसणारा राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झाले, नोव्हेंबरात दिल्लीत आशियाई स्पर्धा झाल्या. आता रात्रीची मोक्याची वेळ दिल्लीची झाली. मुंबईच्या वाट्याला त्याआधीची संध्याकाळ उरली आणि मराठी बातम्याही तिथेच बसल्या.

इन्सॅट या भारताच्या दळणवळण उपग्रहांच्या जोरावर १९८३-८४ नंतर जिल्ह्याच्या गावी लघुशक्ती प्रक्षेपक, म्हणजे जवळच्या परिसरापुरते छोटे प्रक्षेपक, झपाट्याने उभे राहिले. ते पकडायचे दिल्लीचा संकेत. त्यामुळे राज्याच्या मोठ्या भागात घरात टीव्ही आला तो हिंदी बोलत. मराठी कार्यक्रम मागाहून पोचले. त्यासाठी मुंबईचा संकेतही उपग्रहावर चढावा लागला आणि राज्यभरच्या प्रक्षेपकांना ठरलेल्या वेळी दिल्ली सोडून मुंबई धरावी लागली. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात ही प्रादेशिक सेवा उभी राहिली. राष्ट्रीय, प्रादेशिक, स्थानिक अशा तीन पातळ्यांची दूरदर्शनची रचना त्यातून पक्की झाली.

दिवसभराची मराठी वाहिनी मिळायला उपग्रह वाहिन्यांचे युग यावे लागले. ‘डीडी-१०’ १९९४ मध्ये आली, तिला २००० साली ‘सह्याद्री’ हे नाव मिळाले. तोवर खासगी मराठी वाहिन्या मैदानात उतरल्या होत्या आणि प्रेक्षक तिकडे वळू लागला होता. दरम्यान १९९७ मध्ये आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणारी प्रसार भारती ही स्वायत्त संस्था अस्तित्वात आली. केंद्राचा मालक कागदोपत्री बदलला. मला विचाराल तर सह्याद्री दहा वर्षे उशिरा आली. राष्ट्रीय कार्यक्रमाच्याच वेळी मराठीला स्वतंत्र वाहिनी मिळाली असती, तर स्पर्धेला उतरताना तिच्या हाती तयार प्रेक्षक असता.

मनोऱ्यांचे महत्त्वही पुढे ओसरले. २००४ च्या अखेरीस दूरदर्शनने मासिक वर्गणी न घेणारी डीटीएच, म्हणजे उपग्रहावरून थेट घरच्या डिशवर येणारी सेवा सुरू केली, तीच आजची ‘फ्री डिश’. जुने अ‍ॅनालॉग प्रक्षेपक २०२२ पर्यंत बहुतांश बंद झाले. सह्याद्री आता केबल आणि डिशवर दिसते. वरळीहून निघालेला संकेत आधी उपग्रहावर जातो आणि मगच घरात येतो.