डेटोना ५००: शर्यतीआधीच्या अंदाजांमागचा इतिहास

फेब्रुवारी उजाडला की स्टॉक कार शर्यतींच्या चाहत्यांमध्ये एकच वाद रंगतो: यंदा डेटोना ५००, म्हणजे फ्लोरिडातली पाचशे मैलांची शर्यत, कोण जिंकणार? बहुतेक जण मागच्या हंगामाची गुणतालिका आणि पात्रता फेरीतल्या वेळा पुढ्यात घेऊन बोलतात आणि तोंडघशी पडतात. अ‍ॅलेक्स बोमन २०१८ ते २०२३ अशी सलग सहा वर्षे पहिल्या रांगेतून सुटला आणि एकदाही जिंकला नाही. पोल, म्हणजे सुटतानाची पहिली जागा, मिळवून शर्यतही जिंकण्याचे काम डेल जॅरेटने २००० साली केले. त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत ते कोणालाच जमले नाही. उलट २०११ मध्ये वीस वर्षे आणि एक दिवस वयाचा ट्रेव्हर बेन कप या सर्वोच्च मालिकेतल्या आपल्या दुसऱ्याच शर्यतीत जिंकला, तर २०२१ मध्ये मायकल मॅकडोवेलला पहिला विजय ३५८व्या शर्यतीत, आणि तोही नेमका इथेच मिळाला.

हे सगळे नशिबावर ढकलून मोकळे होता येते, पण त्यात तथ्य अर्धेच आहे. डेटोनात गाडी कशामुळे पुढे जाते, याचे उत्तर गेल्या साडेसहा दशकांत अनेकदा बदलले. बरेचसे अंदाज मात्र जुन्याच उत्तरावर बेतलेले असतात.

बिल फ्रान्स यांनी या शर्यती भरवणाऱ्या नॅसकार संस्थेची स्थापना १९४८ मध्ये केली, तेव्हा डेटोनाच्या शर्यती समुद्रकिनाऱ्याच्या वाळूवर आणि लगतच्या रस्त्यावर होत. १९५९ मध्ये तिथे अडीच मैलांचा, म्हणजे सुमारे चार किलोमीटरचा पक्का ट्रॅक उभा राहिला. वळणांवर ३१ अंशांचा उतार आणि प्रेक्षकांसमोरच्या बाकदार पट्ट्यात १८ अंशांचा. इतक्या उतारामुळे वळणातही ब्रेक लावावा लागत नाही, आणि गाडी सरळ रेषेत जेवढी पळेल तेवढीच ती फेरीभर पळते. पहिल्याच शर्यतीचा निकाल इतका चुरशीचा होता की ली पेटी विजेता असल्याचे छायाचित्रे तपासून तीन दिवसांनी जाहीर झाले.

त्या वर्षी सगळ्यांचा समज साधा होता: ज्याचे इंजिन दमदार, तो जिंकणार. १९६० मध्ये ज्युनियर जॉन्सनने तो खोटा पाडला. त्याची शेवरले गाडी इतरांच्या पाँटियाक गाड्यांपेक्षा स्पष्टपणे हळू होती. सरावात त्याच्या लक्षात आले की वेगवान पाँटियाकच्या अगदी मागे चिकटून राहिले की आपली गाडीही तेवढीच पळते. पुढची गाडी हवा फाडत जाते, तिच्या मागे कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि मागच्या गाडीला हवेचा अडथळा कमी होतो. शिवाय मागून गाडी चिकटली की पुढच्या गाडीच्या शेपटीला बसणारी ओढही घटते, म्हणून दोघी मिळून एकटीपेक्षा जास्त वेगात धावतात. जॉन्सनने याच बळावर शर्यत जिंकली, आणि ड्राफ्टिंग हा या खेळाचा पाया बनला.

पुढची पंचवीस-सत्तावीस वर्षे यातूनच एक डाव चालला, तो म्हणजे स्लिंगशॉट. मागच्याच्या इंजिनात ताकद शिल्लक असते, कारण त्याला हवा कमी फाडावी लागते. शेवटच्या सरळ पट्ट्यात तो बाजूला निघाला की सहज पुढे सटकतो. म्हणून शेवटच्या फेरीत दुसरे असणे पहिले असण्यापेक्षा चांगले मानले जाई. जुलै १९७४ मध्ये डेव्हिड पिअर्सनने याचा कळस गाठला. शेवटच्या फेरीला तो आघाडीवर होता. त्याने इंजिन बिघडल्यासारखा अचानक वेग कमी केला, रिचर्ड पेटीला पुढे जाऊ दिले आणि मग त्याच्याच ड्राफ्टमधून उसळी घेऊन जिंकला. १९७९ च्या डेटोना ५०० मध्ये केल यारबरो हाच डाव डॉनी अ‍ॅलिसनवर टाकायला गेला. अ‍ॅलिसनने वाट अडवली, दोघेही भिंतीवर गेले आणि अर्धी फेरी मागे असलेला पेटी जिंकला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत देशभर थेट दाखवलेली ही पहिलीच डेटोना ५००, त्यामुळे तो प्रसंग अमेरिकेच्या घराघरांत पोहोचला.

त्या काळात अंदाज बांधणे तुलनेने सोपे होते. इंजिन कोणाचे चांगले आणि डोके कोणाचे थंड, एवढे पाहिले की पाच-सहा नावे उरत. १९८५ मध्ये टॅलाडेगा या डेटोनासारख्याच उंच उताराच्या ट्रॅकवर तेलाच्या नळीच्या बिघाडामुळे जवळजवळ दोन फेऱ्या मागे पडलेला बिल इलियट पिवळा झेंडा न येताही (तो आला की सगळ्या गाड्या वेग कमी करून एकत्र येतात) निव्वळ वेगाच्या जोरावर पुन्हा आघाडीवर आला आणि जिंकला. आज तसे घडणे अशक्य आहे.

अशक्य का, याचे कारण १९८७ मध्ये आहे. त्या वर्षी टॅलाडेगाच्या पात्रता फेरीत इलियटने ताशी २१२.८०९ मैल, म्हणजे सुमारे ३४२ किलोमीटरचा वेग गाठला. तो विक्रम अजून कायम आहे. त्याच शर्यतीत बॉबी अ‍ॅलिसनच्या गाडीचा टायर फुटला, गाडी उलटी वळून हवेत उडाली आणि प्रेक्षकांसमोरच्या कुंपणात शिरली. गाडी आणखी थोडी वर गेली असती तर काय झाले असते, हे सर्वांना कळून चुकले. १९८८ पासून डेटोना आणि टॅलाडेगा या दोन्ही ट्रॅकवर रिस्ट्रिक्टर प्लेट सक्तीची झाली.

ही प्लेट म्हणजे कार्ब्युरेटर आणि इनटेक मॅनिफोल्ड यांच्यामध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या वाटेवर बसवलेली, चार भोके असलेली धातूची चकती. भोके जेमतेम इंचभराची, पुढे त्याहूनही लहान. इंजिनाला हवा कमी मिळाली की इंधनही कमीच जळते, आणि ताकद साडेचारशे अश्वशक्तीच्या आसपास किंवा त्याखाली येते. वेग आटोक्यात आला, पण त्यासोबत तीन गोष्टी बदलल्या. एक, चालकाचा पाय फेरीभर पेडलवर पूर्ण दाबलेला राहू लागला. दोन, पाय एकदा उचलला की गेलेला वेग परत मिळवायला इंजिनात जोरच उरला नाही. तीन, सगळ्यांचा कमाल वेग जवळपास सारखा झाला, त्यामुळे चाळीस गाड्यांचा एकच घोळका बनला. ताशी १९० मैल म्हणजे सेकंदाला सुमारे ८५ मीटर. पुढची गाडी आडवी झाली तर मागच्याला विचार करायलाही वेळ मिळत नाही, आणि एका चुकीत वीस गाड्या जातात. चाहते ज्याला ‘बिग वन’ म्हणतात तो अपघात या रचनेतूनच येतो; चालकांच्या बेफिकिरीवर त्याचे खापर फोडणे अन्यायाचे आहे.

प्लेटने एकाकी वेगवान गाडीचा जमाना संपवला. स्लिंगशॉटही बोथट झाला, कारण एकट्याने बाहेर निघालेल्याच्या मागे कोणी आले नाही तर तो पुढे जाण्याऐवजी दहा क्रमांक मागे फेकला जातो. ‘तुझ्या मागे कोण येईल?’ हा प्रश्न महत्त्वाचा झाला. काही उत्तम चालकांना हे गणित कधीच जमले नाही. ५५ कप विजय मिळवणाऱ्या रस्टी वॉलेसला प्लेटच्या ट्रॅकवर एकही विजय नाही. डेल अर्नहार्ट मात्र या कलेतला सर्वश्रेष्ठ. ऑक्टोबर २००० मध्ये टॅलाडेगाला शेवटच्या पाच फेऱ्यांत तो अठराव्या क्रमांकावरून पहिला आला. तरीही डेटोना ५०० जिंकायला त्यालाही १९९८ चा विसावा प्रयत्न लागला. १९९० मध्ये तर शेवटच्या फेरीत आघाडीवर असताना त्याचा टायर फाटला होता.

प्लेटच्या काळात संघाची तयारी फार मोलाची होती. सगळ्यांची ताकद इतकी घटवल्यावर इंजिनातून काढलेली पाच-सात अश्वशक्ती आणि पत्र्याच्या आकारातला बारीकसा फरकही निर्णायक ठरे. रिचर्ड चिल्ड्रेस आणि अँडी पेट्री यांचे संघ आणि अर्नहार्टचा स्वतःचा संघ यांनी या ट्रॅकसाठी वायुगतिकीवर एकत्र काम केले, आणि त्याचे फळ २००१ पासून दिसले. त्या वर्षीच्या डेटोना ५०० मध्ये पहिल्या दोन गाड्या अर्नहार्टच्या संघाच्या होत्या: मायकल वॉल्ट्रिप आणि मुलगा डेल ज्युनियर. स्वतः अर्नहार्ट तिसऱ्या जागी मागचा घोळका थोपवत असताना शेवटच्या वळणात झालेल्या अपघातात त्याचा मृत्यू झाला. मानेला आधार देणारे हान्स उपकरण त्याच वर्षी सक्तीचे झाले आणि पुढे भिंतींना धक्का शोषणारे सेफर बॅरियर आले. वॉल्ट्रिपने २००३ मध्ये पुन्हा आणि ज्युनियरने २००४ मध्ये डेटोना ५०० जिंकली.

त्या काळी डेटोना आणि टॅलाडेगा यांचा अंदाज वेगवेगळा बांधावा लागे. टॅलाडेगा ४८ फूट रुंद, डेटोना ४० फूट. शिवाय डेटोनाचे डांबर जुने आणि खडबडीत होते, टायर लवकर झिजत, म्हणून तिथे हाताळणीला महत्त्व होते. २०१० मध्ये खड्ड्यामुळे शर्यत थांबवावी लागली आणि त्यानंतर पूर्ण ट्रॅकवर नवे डांबर आले. पकड इतकी वाढली की दोन गाड्या बंपरला बंपर लावून फेरीभर पळू लागल्या. २०११ च्या शर्यतीत २२ चालकांमध्ये ७४ वेळा आघाडी बदलली. ढकलणाऱ्या गाडीच्या जाळीला हवा मिळत नसे, पाणी तापे, म्हणून थोड्या थोड्या फेऱ्यांनी जोडीदार जागा बदलत. बेनचा विजय याच वर्षीचा. पुढच्या वर्षी नॅसकारने थंड हवेचे मार्ग आणि चालकांमधले रेडिओ संभाषण यांवर बंधने आणून जोड्या मोडल्या.

प्लेटची शेवटची शर्यत २०१९ ची डेटोना ५००. त्यानंतर त्याच कामासाठी निमुळत्या भोकांचा टेपर्ड स्पेसर आला. आजचे अंदाज ज्यावर ठरावेत तो बदल मात्र २०२२ चा, नेक्स्ट जेन गाडीचा. चासी (गाडीचा सांगाडा), गिअरबॉक्स, सस्पेन्शन, बॉडीचे भाग ठरलेल्या पुरवठादारांकडूनच घ्यायचे, स्वतः बनवायचे नाहीत. फोर्डच्या सर्व गाड्यांना इंजिन रौश येट्स या एकाच कंपनीचे, टोयोटाच्या गाड्यांना टीआरडी या टोयोटाच्याच शर्यत विभागाचे. त्यामुळे ‘मोठा संघ म्हणजे वेगवान गाडी’ हे समीकरण या ट्रॅकवर खूप सैल झाले. २०२३ मध्ये रिकी स्टेनहाऊसने एकाच गाडीच्या छोट्या संघाकडून डेटोना ५०० जिंकली, ती यामुळेच.

मग फरक कुठे पडतो? मुख्यतः पिटमध्ये, म्हणजे टायर आणि इंधनासाठी थांबण्याच्या जागेत, आणि तोही इंधनावर. नेक्स्ट जेनच्या चाकाला पाचऐवजी एकच मोठा नट असतो, त्यामुळे चारही टायर दहा सेकंदांच्या आसपास बदलून होतात. टाकी मात्र वीस गॅलनची आहे, आणि ती रिकामी असेल तर दोन कॅन ओतावे लागतात. म्हणजे थांबा किती लांबेल हे टायर ठरवत नाहीत, इंधन ठरवते. ज्याला दोन-तीन गॅलन कमी लागतील तो काही सेकंद आधी सुटतो, आणि घोळक्यात काही सेकंद म्हणजे दहा-पंधरा क्रमांक. म्हणून शर्यतीच्या मधल्या टप्प्यात आघाडीचे चालक अर्ध्या पेडलवर, तीन रांगांत, कोणाला पुढे न जाऊ देता इंधन वाचवत फिरतात. प्रेक्षक कंटाळतात आणि त्यांची तक्रार रास्त आहे, पण शर्यत त्याच फेऱ्यांत घडत असते. इंधनाचे महत्त्व तसे जुनेच: १९८९ मध्ये डॅरेल वॉल्ट्रिपने शेवटच्या ५३ फेऱ्या एकाच टाकीवर काढून जिंकले होते. तेव्हा तो जुगार होता, आता तो सगळ्यांचा नेहमीचा हिशेब आहे.

पिटमधून एकटे बाहेर पडणे म्हणजे ड्राफ्ट गमावणे. म्हणून एका उत्पादकाच्या गाड्या ठरवून एकाच फेरीला आत येतात. इथे दोन चुका वारंवार होतात: ताशी १९० मैलांवरून ५५ च्या मर्यादेवर येताना चाके लॉक होणे, आणि मर्यादा ओलांडून दंड बसणे. दोन्हींत गट पुढे जातो आणि चालक एकटा उरतो.

शेवटच्या दोन फेऱ्यांत ही युती टिकत नाही. नेक्स्ट जेनला मागून ढकलायचे तर बंपरच्या बरोबर मध्यावर ढकलावे लागते. जरा कडेला लागले, किंवा पुढची गाडी वळत असताना लागले, की तिचे मागचे चाक सुटते. आधीच्या पिढीच्या गाड्यांतही शेवट असाच व्हायचा. २०२१ मध्ये जोई लोगानो आणि ब्रॅड केसेलोव्स्की हे एकाच संघाचे दोघे पहिल्या क्रमांकासाठी भिडले आणि मागून मॅकडोवेल निसटला. २०२५ मध्ये शेवटच्या फेरीत पुढचे आपसांत आदळले आणि मागून आलेला विल्यम बायरन सलग दुसऱ्यांदा जिंकला.

चालकांबद्दल बोलायचे तर डेनी हॅमलिनचे तीन विजय, २०१६, २०१९ आणि २०२०, हे योगायोगाचे नाहीत. पिटमधून सुटण्याची वेळ आणि रांग बदलण्याचा क्षण तो अचूक साधतो. रायन ब्लेनी आणि लोगानो पेन्स्के संघाच्या गाड्यांत सतत पुढे असतात. केसेलोव्स्कीचे टॅलाडेगाला सहा विजय आहेत, डेटोना ५०० एकही नाही. काइल बुशलाही २०२५ पर्यंतच्या वीस प्रयत्नांत ती मिळाली नव्हती. काइल लार्सन बहुतेक ट्रॅकवर सर्वांत वेगवान, पण इथले त्याचे निकाल त्या वेगाच्या जवळपासही नाहीत. त्याला पहिल्या पसंतीत धरणे ही माझ्या मते दरवर्षी होणारी चूक आहे.

अंदाज बांधायचाच असेल तर बुधवारच्या पात्रता वेळा बाजूला ठेवाव्यात आणि गुरुवारच्या दोन ड्युएल, म्हणजे सुटण्याचा क्रम ठरवणाऱ्या छोट्या शर्यती पाहाव्यात. कोण ढकलताना स्थिर राहतो, कोणाच्या मागे इतर जण रांग लावतात, पिटमध्ये कोणाचा थांबा छोटा होतो, हे तिथे दिसते. ड्युएलमध्ये गाडी मोडली तर राखीव गाडी घेऊन शेवटून सुटावे लागते, पण पाचशे मैलांत ते फारसे नडत नाही. २००९ मध्ये मॅट केन्सेथ ३९व्या क्रमांकावरून सुटून जिंकला. ती शर्यत पावसामुळे १५२ फेऱ्यांवर संपली आणि त्याने आघाडी घेतली होती ती पावसाच्या जेमतेम आधी. रविवारी फ्लोरिडात दुपारनंतर पावसाची शक्यता असेल तर इंधन वाचवणारे मागे राहतात, आणि मध्यावरच पुढे घुसणाऱ्यांची नावे वर घ्यावी लागतात.